ब्रेस, दोन तालुके आणि एक एस्टीम

गोव्यात पेडण्यासारख्या गावात जुनी गाडी चालवणाऱ्याबद्दल लोकांचे दोन तर्क असतात. एक, याला नवी परवडत नाही. दुसरा, याला काही कामधंदा नाही. दोन्ही तर्कांत थोडंफार तथ्य असतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नसतो. जानेवारी २०२३ मध्ये जवळच मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि हे तर्क जास्तच ठळक झाले. धारगळच्या बाजूला आता तुमच्या मागून येणारी प्रत्येक गाडी नवी, उंच आणि घाईत असते. तिच्यातल्या प्रवाशाला विमान गाठायचं असतं, ड्रायव्हरला पुढचं भाडं. त्यांच्या पुढे आमची एस्टीम. तिला घाई नाही असं नव्हे. पण ती बोलून दाखवत नाही.

मारुतीने १९९० मध्ये ‘हजार’ काढली, तेव्हा ती आमच्याकडे डॉक्टरांच्या नाहीतर खाणवाल्यांच्या अंगणात दिसायची. १९९४ मध्ये त्याच शरीरात १२९८ सीसीचं इंजिन बसलं आणि एस्टीम जन्माला आली. गाडी हलकी, नऊशे किलोच्या आतबाहेर. नंतरच्या इंजिनाला ८५ अश्वशक्ती. या हिशेबामुळेच मद्रासजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर एस्टीमच्या शर्यती व्हायच्या. आमची एस्टीम शर्यतीत धावलेली नाही. तिने लग्नाचे आहेर, गणपतीची माटोळी, सिलिंडर आणि दशावतारी नाटक संपल्यावर पहाटे झोपेने पेंगणारी माणसं वाहिली. पण शर्यतीचं रक्त अंगात आहे हे तिच्या मालकाला माहीत असतं, आणि मालकाला माहीत असलेल्या गोष्टी शेवटी खर्चात पडतात.

तर तिला ब्रेस बसवायचं ठरलं. कल्पना पुण्याच्या भाच्याची. त्याच्या मित्राने आपली एस्टीम विकली, पण तिच्या बॉनेटखालची ब्रेस काढून ठेवली होती. ती भाच्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. “मामा, वळणावर फरक बघ तू,” एवढीच शिफारस. सौभाग्यवतींनी वर्तमानपत्र उलगडून बघितलं, उचलून वजन पाहिलं आणि अट घातली: “आधी टायर. मग दागिने.” अट रास्त होती. जुन्या गाडीच्या बाबतीत जाणकारही हाच क्रम सांगतात. टायर, शॉकअप, बुशं, अलाइनमेंट, आणि हे सगळं धड असेल तर ब्रेस. त्यामुळे टायर आले, अलाइनमेंट झाली, पुढची बुशं बदलली. मागच्या बुशांबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नाही. त्यांचा विषय पुढे येईल.

ब्रेस म्हणजे काय, ते बॉनेट उघडल्यावर समजायला सोपं जातं. इंजिनाच्या दोन बाजूंना, पुढच्या चाकांच्या बरोबर वर, पत्र्याचे दोन उंचवटे असतात. मेस्त्री लोक त्यांना टॉवर म्हणतात. चाकाला आधार देणारा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचं जोडकाम, खालून येऊन त्या टॉवरला नटांनी बांधलेलं असतं. चाकाला रस्त्यात जे भोगावं लागतं ते सगळं या दोन टॉवरांपर्यंत पोचतं. गाडी वळली की बाहेरच्या चाकावर भार येतो आणि तो टॉवर किंचित आत ढकलला जातो. हे हलणं डोळ्यांना दिसत नाही. पण तेवढ्यानेही चाकाचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग जे सांगतं ते चाक थोडं उशिरा ऐकतं. ब्रेस म्हणजे या दोन टॉवरांना जोडणारी आडवी नळी. कौलारू घरात छपराच्या भाराने दोन भिंती फाकू नयेत म्हणून तुळई टाकतात, तिचंच काम ही करते. फरक इतकाच की हिला भिंती फाकण्याइतकंच त्या आत येण्यालाही अडवायचं असतं.

टॉवरांवर हा सगळा भार टाकणारा माणूस म्हणजे अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर तो शेवरोलेसाठी एक छोटी गाडी तयार करत होता. १९४७ मध्ये कंपनीने ती गाडीच रद्द केली. मॅकफर्सन उठून फोर्डकडे गेला, आणि १९५० साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्या त्याच्या स्ट्रटवर उभ्या राहिल्या. रचना स्वस्त, सुटे भाग कमी, इंजिनासाठी जागा मोकळी. मग जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० त्याच स्ट्रटवर उभी होती. त्याआधीच्या आपल्या अँबॅसेडरला आणि पद्मिनीला पुढच्या चाकांसाठी वेगळी रचना होती. त्या गाड्यांना असल्या ब्रेसची फारशी गरज नसते. त्यांच्या मालकांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि त्या ब्रेसने भागण्यासारख्या नसतात.

ब्रेस पेडण्यात कुणीही बसवली असती. पण आमचे मेस्त्री डिचोलीला. धारगळ उतरून कोलवाळचा पूल ओलांडायचा, थिवीवरून अस्नोडा, मग मुळगाव आणि डिचोली. पोर्तुगिजांनी डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये जुन्या गोव्याला जोडली, तेव्हापासून हे दोन्ही तालुके गोव्याच्या चेसिसवर नंतर बसवलेले भाग आहेत. पणजीहून बघणाऱ्याला आमची खडखड अजून ऐकू येते म्हणतात. आमचं म्हणणं, खडखड पणजीच्या बाजूने येते.

मेस्त्रींची हयात टिपरांखाली गेली. डिचोलीत खाण जोरात होती तेव्हा खनिज भरून धक्क्याकडे निघालेल्या टिपरांची रांग लागायची, आणि त्या टिपरांचे तुटलेले पाटे बदलणं हेच मेस्त्रींचं दिवसरात्रीचं काम. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मधे काही काळ चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा टिपर दारात गवत येईपर्यंत उभे राहिले आणि मेस्त्री छोट्या गाड्यांकडे वळले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यातलं खनिज पुन्हा हललं. पण मेस्त्री परत गेले नाहीत. छोट्या गाडीचा मालक हिशेब जास्त विचारतो, पण पैसे रोख देतो, असा त्यांचा अनुभव. एका माणसाला दोन हातांनी उचलता येणार नाही अशा पाट्यांत ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या हातात आम्ही ही दोन-अडीच किलोची नळी ठेवली. त्यांनी ती एका हाताने तोलली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते बघितलं आणि विचारलं, “हो दांडो कित्याक?”

त्यांना टॉवर, वळण, चाकाचा कोन वगैरे समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मागाहून कळलं की त्यांना हे सगळं माहीत होतं. त्यांना फक्त मला माहीत आहे का ते बघायचं होतं.

पहिलं काम त्यांनी ब्रेसचं केलंच नाही. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने टॉवरच्या कडेकडेने ठोके द्यायला सुरुवात केली. टण, टण, टण. उजव्या टॉवरभोवती पूर्ण फेरी झाली. मग डावा. टण, टण आणि एका जागी ठप. त्यांनी पुन्हा मारला. ठप. “आतां आयकात,” म्हणाले आणि मलाही ऐकायला लावलं. वायपरखालच्या जाळीत आमच्या अंगणातल्या आंब्याची पानं वर्षानुवर्षं कुजत होती. त्यांतून झिरपणारं पाणी टॉवरच्या शिवणीवर साचत राहिलं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात पेडण्याला समुद्राचा खारा वारा; पत्र्याला यापेक्षा वेगळं निमित्त लागत नाही. मेस्त्रींनी शिवणीतला फुगलेला रंग खरवडला, तारेच्या ब्रशाने गंज घासला, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत घासत राहिले. आत भोक नव्हतं, वरवरचाच गंज होता. त्यावर रेड ऑक्साइड, मग सीलंट, मग रंग. त्यात दुपार गेली. ब्रेस वर्तमानपत्रावर पडून होती. जेवणाच्या वेळी मेस्त्री म्हणाले की कुजक्या टॉवरावर ब्रेस लावली तर ताण त्या कुजलेल्या शिवणीवरच जातो आणि मग ती फाटते. ब्रेस नसती आली तर हा ठोका कुणी दिला असता, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. या खरेदीचं समर्थन मी घरी याच मुद्द्यावर केलं.

संध्याकाळी बसवणं सुरू झालं. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी. टॉवरवर कडेने जे नट असतात ते काढायचे, त्या बोल्टांवर ब्रेसची पट्टी बसवायची, नट परत आवळायचे. बरोबर मध्यभागी एक मोठा नट असतो. त्याकडे बोट दाखवून मेस्त्रींनी हाताखालच्या पोराला बजावलं, “मधल्या नटाक हात लावूं नाका.” तो नट दाबलेल्या स्प्रिंगला जागेवर धरून असतो, तो सुटला तर स्प्रिंग आपली सगळी ताकद एकदम दाखवते. पोराने मान हलवली आणि तरीही मेस्त्री त्याच्या हातावर नजर ठेवून होते.

डाव्या बाजूची पट्टी सहज बसली. उजव्या बाजूची बसेना. भोकं बोल्टांसमोर यायचीच नाहीत. दोन मिलिमीटरची तफावत. मी मनातल्या मनात भाच्याच्या मित्राला नावं ठेवायला लागलो. मेस्त्रींनी फूटपट्टी घेतली, इकडून मापलं, तिकडून मापलं, ब्रेसची लांबी मापली आणि निकाल दिला, “दांडो नीट आसा. गाडीच वांकडी जाल्या.” इतक्या वर्षांत दोन्ही टॉवर हळूहळू एकमेकांकडे झुकले होते. ब्रेसच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आटे होते, म्हणजे मधली नळी फिरवली की लांबी कमी-जास्त करता येते. मेस्त्रींनी बंपर धरून गाडी वरखाली हलवली, तिला तिच्या मनासारखी बसू दिली, मग नळी थोडी फिरवली, पुन्हा गाडी हलवली, पुन्हा नळी. गाडीला सरळ करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ती आज जशी आहे तशी ब्रेस जुळवून घेतली आणि लॉकनट आवळले. जबरदस्तीने ओढून बसवली असती तर अलाइनमेंट बिघडली असती, हे कारण त्यांनी दिलं. मला त्यात आणखीही काही दिसलं, पण मेस्त्रींसमोर मी ते बोललो नाही. त्यांना भावुकपणा आवडत नाही.

नट आवळताना एक गंमत बघितली. टिपरचे नट मेस्त्री पान्याला लांब पाइप जोडून, त्या पाइपवर उभं राहून आवळत. हे नट मात्र त्यांनी टॉर्क पाना घेऊन, जवळजवळ दोन बोटांनी, ‘टिक’ होईपर्यंत आवळले आणि तिथेच थांबले. त्यानंतर बॉनेट बंद होतं का ते बघायचं होतं. त्यासाठी अंगणातल्या ओल्या लाल मातीचा गोळा ब्रेसवर ठेवला, बॉनेट हळूच मिटलं, उघडलं. गोळा थोडा चेपला होता, पूर्ण सपाट झाला नव्हता. मेस्त्रींनी उरलेली मातीची जाडी करंगळीने मापली आणि समाधानाने गोळा फेकून दिला.

पहिली खरी परीक्षा पेडण्याच्या बाजूला झाली. मालप्याहून न्हयबागकडे जाणाऱ्या वळणांवर एस्टीमला पूर्वी एक सवय होती. स्टिअरिंग वळवलं की ती एक क्षण विचार करायची, मग वळायची. आता तो क्षण गेला. स्टिअरिंग फिरवलं की नाक फिरतं. वळणाच्या मध्यात रस्ता उंचसखल असेल तर पूर्वी स्टिअरिंगला पुन्हा थोडं समजवावं लागायचं. आता ती पहिल्यांदा सांगितलेलं लक्षात ठेवते. वेग वाढवायचा मोह होतो. पण बाजूला सौभाग्यवती होत्या, त्यामुळे तेवढी परीक्षा बाकी राहिली.

दुसरी परीक्षा पुढच्या खेपेला, डिचोली तालुक्यात. खनिजाच्या ट्रकांनी जड केलेले, पावसाने उकरलेले आणि मग घाईघाईने बुजवलेले रस्ते. तिथे वळण घ्यायची संधी कमी आणि खड्डे चुकवायची जास्त. पूर्वी डावं चाक खड्ड्यात गेलं की धक्का डाव्या बाजूलाच जिरायचा. आता डाव्या चाकाची बातमी उजव्यालाही लगेच पोचते. गाडी जराशी टणक झाली. तिथल्या माझ्या आत्तेच्या घरी पोचलो तेव्हा तिने विचारलं, “काय रे, फरक पडला?” पेडण्यात पडला, डिचोलीत नाही, असं उत्तर दिलं. आत्तेला ते पटलं. तिच्या मते कुठल्याही सरकारी योजनेबाबत हेच उत्तर बरोबर असतं.

आणि मग आवाज यायला लागला. पुढून नव्हे, मागून. चढावर एक बारीक ‘कुईं’ आणि गतिरोधकावर एक ‘टक’. ब्रेस बसवण्याआधी हा आवाज नव्हता, अशी माझी खात्री. मेस्त्रींची खात्री उलट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो आवाज कितीतरी वर्षं होता. पुढचा भाग सैल होता तोवर सगळ्या गाडीतच एक मिळून कुरकुर चालायची आणि तिच्यात मागच्या बुशांचा आवाज वेगळा ओळखू यायचा नाही. पुढची बाजू आवळली, ती गप्प झाली. आता मागच्या बुशांचं म्हणणं एकटंच ऐकू येतं. तपासल्यावर बुशं खरोखरच चेपलेली निघाली.

यावर मी बराच विचार केला. जुनी गाडी इतकी वर्षं चालते ती सगळीकडे थोडं थोडं देऊन. टॉवर थोडे झुकतात, बुशं थोडी चेपतात, दारं थोडी खाली येतात, आणि खड्ड्याचा मार कुणा एकाच्या वाट्याला पूर्ण येत नाही. त्या सैलपणाला आपण झीज म्हणतो. एका परीने ती तिची तडजोडही असते. ब्रेस एका जागची तडजोड संपवते. त्या जागेला शिस्त येते, आणि बाकीच्यांच्या सैलपणाला आडोसा उरत नाही. म्हणून ब्रेसवर खर्च करणाऱ्याने तिच्या किमतीसोबत पुढच्या दोन दुरुस्त्यांचेही पैसे बाजूला ठेवावेत. नंतर गाडी जे सांगेल ते सगळं खरं असतं, आणि खरं ऐकायचं म्हणजे खिशाला थोडी झळ बसणारच.

नव्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तिचं शरीर मुळातच टणक पोलादाचं, संगणकावर तावून-सुलाखून काढलेलं असतं. बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्यावर कंपनीचं नाव आणि खाली मालकाला करण्यासारखं काही नाही. शेजारच्या टॅक्सीवाल्याने एकदा माझी ब्रेस बघून विचारलं, “ॲव्हरेज वाढलं?” नाही वाढलं. “पिकअप?” तोही नाही. “मग?” मग काही नाही. पण वीस वर्षांपूर्वी कारखान्यातून आली तेव्हा जी गोष्ट हिच्यात नव्हती, ती आज हिच्यात आहे, आणि ती माझ्यासमोर, माझ्या ओळखीच्या माणसाने, मातीचा गोळा ठेवून बसवली आहे. टॅक्सीवाला माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. त्याचा कल दुसऱ्या तर्काकडे झुकला असावा.

कायद्याची बाजूही सांभाळावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करायला बंदी घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलता येत नाही. म्हणून मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: कापणार नाही, जोडणार नाही, वेल्डिंग करणार नाही. नटांवर बसेल तेवढंच. काढायला सांगितलं तर अर्ध्या तासात निघालं पाहिजे. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि २०२२ मध्ये त्याचं शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर सरकारलाही पटवावं लागतं, आणि ते पावतीच्या भाषेत.

मेस्त्रींची अट वेगळीच. ब्रेसचे नट एकदा आवळले म्हणजे काम झालं असं ते मानत नाहीत. पहिले काही दिवस गाडी चालवून नट पुन्हा तपासायचे, आणि नंतर दर पावसाळा संपला की टॉवरला पुन्हा ठोके, शिवणीला पुन्हा ब्रश, वायपरखालच्या जाळीतली पानं साफ. एखाद्या वर्षी मी गेलो नाही, तर पुढच्या वेळी ते ब्रेसला हातही न लावता आधी तासभर उभं ठेवतात.

सरकारला गाडी पाच वर्षांनी एकदा दाखवावी लागते, मेस्त्रींना दर वर्षी. दोघांत मेस्त्री जास्त कडक.